अपडेट नको म्हटलं तरी रोज विचारतंय: काय तपासायचं, काय बंद करायचं, कुठे थांबायचं

"दादा, हे रोजच इचारायलंय. नको म्हणलं तरी ऐकंना गेलंय."

सेलूच्या मोंढ्याशेजारी, म्हणजे धान्याच्या बाजाराशेजारी, माझं कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि ही तक्रार घेऊन कुणी आलं नाही असा आठवडा जात नाही. बहुतेकांचं काम दहा मिनिटांत होतं, त्याचे पैसे घ्यावेत असंही वाटत नाही. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने इथे लिहितोय. आधी फुकटातलं आणि सोपं, मग वेळ खाणारं, आणि शेवटी जे घरी करू नये ते.

## लक्षणं

वरून एकच वाटतं, पण ही पाच निराळी दुखणी आहेत. तुमचं कोणतं ते आधी ठरवा.

पहिलं: फोनच्या वरच्या पट्टीत "नवीन सॉफ्टवेअर अपडेट उपलब्ध" असा संदेश येतो. बोटाने बाजूला सारला तरी संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, परत हजर.

दुसरं: एखादं ॲप उघडलं की सगळी स्क्रीन भरून "अपडेट करा" येतं. मागे फिरलात तर ॲपच बंद होतं.

तिसरं: कॉम्प्युटरवर "आत्ता रीस्टार्ट करा" आणि "नंतर आठवण करा" एवढीच दोन बटणं दिसतात. "नको" म्हणायला बटणच नाही.

चौथं: अपडेट केलं, शंभर टक्के झालेलंही दिसलं, तरी दुसऱ्या दिवशी तेच अपडेट पुन्हा मागतं.

पाचवं: इंटरनेटवर काही वाचत असताना, किंवा नुसतंच स्क्रीनच्या कोपऱ्यात, "तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, ताबडतोब अपडेट करा" अशी घाबरवणारी पाटी येते.

पहिल्या तिन्हींत तुम्हाला नको म्हणू दिलं जात नाही. चौथ्यात तुम्ही हो म्हणता, पण अपडेट आत जाऊन बसतच नाही. आणि पाचवं मुळात अपडेट नसतंच.

## पहिली तपासणी: विचारतंय कोण?

याला एक मिनिट लागतं आणि पैसा लागत नाही. तरी दहातली आठ माणसं हे न पाहता थेट सेटिंगमध्ये शिरतात आणि भलतंच काहीतरी बंद करून बसतात.

अँड्रॉइड फोनवर तो संदेश बाजूला सारू नका. त्यावर बोट दाबून धरा. संदेश कोणत्या ॲपचा आहे ते नाव वर दिसतं. तिथे "सॉफ्टवेअर अपडेट" किंवा "गुगल प्ले सर्व्हिसेस" असेल तर तो फोनच्या सिस्टीमचा. "गुगल प्ले स्टोअर" असेल तर ॲपच्या अपडेटचा. "क्रोम" आणि त्याखाली कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटचं नाव असेल तर तो खोटा. कधीतरी एखादी साइट उघडताना "नोटिफिकेशन पाठवू का?" या प्रश्नावर "अलाऊ" दाबलं गेलं, त्याचं हे फळ. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि परवानगी दिलेल्या साइटच्या यादीतली ओळखीची नाहीत ती सगळी नावं ब्लॉक करा. कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्येही ही यादी असते, "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी" खाली. पाचवं लक्षण बहुतेक वेळा इथेच संपतं.

ही तपासणी पहिली ठेवण्यामागे एक कारण आहे. आमच्याच गल्लीतल्या एक काकू फोन घेऊन आल्या होत्या. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेली "पीएम किसान अपडेट" नावाची एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, त्यांनी उघडली होती. मी विचारलं, "काकू, कामून उघडली?" म्हणाल्या, "अरे बाबा, रोजच अपडेट कर, अपडेट कर म्हणायलंय. मला वाटलं तेच असंल. एकदाचं करून टाकलं." ती फाइल फसवणुकीची होती. त्यांच्या खात्यातले पैसे वाचले, कारण त्या खात्याला लागलेलं सिम दुसऱ्याच फोनमध्ये होतं. त्या दिवसापासून मी या रोजच्या आठवणीला नुसता त्रास म्हणत नाही. वर्षभर रोज तोच प्रश्न आला की माणूस वाचणं सोडतो आणि बोट आपोआप बटणावर पडतं. फसवणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

अशी फाइल उघडली गेलीच असेल तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. बाकीच्या तपासण्या नंतर.

## दुसरी तपासणी: अपडेट मधेच फसतंय का?

चौथं लक्षण असेल तर आठवण बंद करण्याच्या मागे लागू नका. अपडेट पूर्ण होत नाही म्हणून ते परत विचारतं, आणि आठवण लपवली तरी मूळ दुखणं तसंच राहतं.

फोनमध्ये पहिला संशय जागेवर. हंगाम सुरू झाला की ई-पीक पाहणीचं ॲप अपडेट करून घ्यावं लागतं, आणि नेमकी त्याच वेळी दुकानात रांग लागते: "दाबतोय पण नुसतं फिरायलंय." ३२ जीबीचा फोन असतो आणि त्यात लग्नाचे व्हिडिओ, सकाळचे नमस्कार आणि गावच्या ग्रुपमधली भजनं भरलेली असतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये "स्टोरेज अँड डेटा" आणि तिथे "मॅनेज स्टोरेज" उघडलं की सगळ्यात मोठ्या फाइल वर दिसतात. दोन-तीन जीबी मोकळे केले की अडलेलं अपडेट सरळ जातं. त्यानंतर बॅटरी पाहा, कारण सिस्टीमचं अपडेट चार्ज कमी असेल तर बसत नाही. मग तारीख आणि वेळ. फोनची तारीख चुकली असेल तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. शेवटी प्ले स्टोअरची कॅश, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या फाइल, पुसा. त्याने डेटा जात नाही.

कॉम्प्युटरवर एररचा आकडा दिसतो तो लिहून घ्या. ०एक्स८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ या क्रमांकाचं एक अपडेट आलं. ज्या मशीनच्या डिस्कवरचा रिकव्हरीचा (बिघाड दुरुस्तीसाठी राखलेला) कप्पा छोटा होता तिथे ते ०एक्स८००७०६४३ हा आकडा दाखवून पडायचं आणि पुन्हा पुन्हा यायचं. कारण कळेना म्हणून लोकांनी पूर्ण विंडोज नव्याने टाकून घेतलं. म्हणून आकडा लिहून घ्या. कारण आपल्याकडचं आहे की अपडेटमधलंच, हे त्यावरून कळतं.

## तिसरी तपासणी: हे सुरक्षेचं आहे की नव्या सोयींचं?

"नको" म्हणायच्या आधी हे पाहायलाच हवं. मी लोकांना नको म्हणायला मदत करतो, पण सगळ्याच अपडेटना नको म्हणायला नाही.

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट काढलं. १२ मे २०१७ रोजी त्याच भगदाडातून वॉनाक्राय हे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर जगभर पसरलं. दोन महिने हाताशी होते. ज्यांनी ते अपडेट बसवलं होतं त्यांची मशीन त्या वाटेने फुटली नाहीत. म्हणून सुरक्षेचं अपडेट चार-आठ दिवस लांबवा, सोयीची वेळ पाहा, पण टाळू नका.

उलट बाजूही खरी आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकाच दिवशी बंद पाडली. "आधी दुसऱ्याचं काय होतंय ते बघू" म्हणणारा गिऱ्हाईक चुकत नाही. मी स्वतःही दुकानाच्या मशीनवर मासिक अपडेट आठवडाभर थांबून घेतो.

ओळखायचं कसं? फोनच्या अपडेटच्या तपशिलात "सिक्युरिटी पॅच" आणि एखाद्या महिन्याचं नाव असेल, आकार दोन-चारशे एमबीच्या आसपास असेल, तर ते सुरक्षेचं. अँड्रॉइडचा आकडाच बदलणार असेल तर ते मोठं अपग्रेड. दोन जीबी रॅमच्या जुन्या फोनवर त्याला विचार करून नाही म्हणणं चुकीचं नाही. विंडोजमध्ये "क्युम्युलेटिव्ह अपडेट" हे मासिक, सुरक्षेचं. "प्रिव्ह्यू" आणि "ऑप्शनल" लिहिलेलं सोडून दिलं तरी चालतं.

## चौथी तपासणी: ॲपची अपडेट

प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबा, सेटिंग्ज, नेटवर्क प्रेफरन्सेस, ऑटो-अपडेट ॲप्स. इथे "फक्त वायफायवर" आणि "आपोआप अपडेट करू नका" हे पर्याय मिळतात. पण मी सरसकट बंद करायला सांगत नाही. एकच ॲप नकोसं असेल, म्हणजे जुनी मांडणी हाताला बसली आहे आणि नवी नको आहे, तर प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपचं पान उघडा आणि तीन ठिपक्यांतली "एनेबल ऑटो अपडेट" ची खूण काढा. नकार तेवढ्यापुरताच राहतो.

ही खूण काढूनही ॲप उघडताच ते विचारत असेल तर तो प्रश्न प्ले स्टोअरचा नाही, ॲप बनवणाऱ्याने आत घातलेला आहे. गुगलने त्यासाठी दोन तऱ्हा दिल्या आहेत. पहिलीत अपडेट मागे उतरत राहतं आणि तुम्ही ॲप वापरू शकता, नकाराचं बटणही असतं. दुसरीत अपडेट होईपर्यंत पूर्ण स्क्रीन अडवून धरली जाते. या दुसऱ्या तऱ्हेला फोनच्या कोणत्याही सेटिंगमध्ये उतारा नाही, त्यामुळे तास घालवू नका. बँकेची आणि यूपीआयची ॲप ही तऱ्हा वापरतात, आणि तिथे ती मला मान्य आहे, कारण जुन्या आवृत्तीतली चूक थेट खिशाला भोवते. व्हॉट्सॲपच्या प्रत्येक आवृत्तीला तर मुदतच असते. ती संपली की अपडेट केल्याशिवाय ते चालत नाही.

पण एखादं खरेदीचं, खेळाचं किंवा बातम्यांचं ॲप तुम्हाला रोज अडवत असेल, नवीन योजना घ्या, नोटिफिकेशन चालू करा म्हणत असेल आणि "नाही" चा पर्यायच देत नसेल, तर त्यावर आपल्या देशात नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवून किंवा भरीस पाडून हवं ते करून घेणारी मांडणी, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत सांगितलेल्या १३ प्रकारांपैकी एक "नॅगिंग" आहे, आपल्या भाषेत भुणभुण. पुन्हा पुन्हा आपलं ॲप डाउनलोड करायला सांगणारी वेबसाइट, "नाही" म्हणू न देता नोटिफिकेशन चालू करायला लावणारा प्लॅटफॉर्म, अशी उदाहरणंच त्यात दिली आहेत. त्या व्याख्येत व्यापारी फायद्यासाठी केलेली भुणभुण येते, त्यामुळे सुरक्षेच्या अपडेटची आठवण त्यात बसवता येणार नाही. बाकीच्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तक्रार करण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसह.

## पाचवी तपासणी: फोनची सिस्टीम

आधी सेटिंगमध्ये "सॉफ्टवेअर अपडेट" शोधा आणि तिथलं "वायफायवर आपोआप डाउनलोड" बंद करा. काही कंपन्या ते तीन ठिपक्यांच्या मागे ठेवतात. याचं महत्त्व असं की अपडेट एकदा फोनमध्ये उतरलं की आठवण जास्त जोराने यायला लागते. उतरलंच नाही तर ती बरीच सौम्य राहते.

मग "अबाउट फोन" मध्ये "बिल्ड नंबर" वर सात वेळा दाबा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात "ऑटोमॅटिक सिस्टीम अपडेट्स" असेल तर बंद करा, म्हणजे फोन रीस्टार्ट करताना अपडेट आपोआप बसणार नाही. तिथे दुसऱ्या कशालाही हात लावू नका. काम झालं की डेव्हलपर ऑप्शन्सच बंद करू नका, नाहीतर हा बदलही जाऊ शकतो.

संदेशावर बोट दाबून धरल्यावर तो प्रकार बंद करायचा पर्याय दिसला तर बंद करा. बऱ्याच फोनमध्ये सिस्टीम अपडेटचा तो पर्याय करडा असतो, दाबला जात नाही. तिथे तुमची हद्द संपली.

आयफोनचं थोडक्यात: जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, ऑटोमॅटिक अपडेट्स बंद. आधीच उतरलेलं अपडेट "आयफोन स्टोरेज" मध्ये जाऊन पुसता येतं.

## सहावी तपासणी: विंडोज

इथे थोडा वेळ थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच पाहिलंय.

सोयाबीनची आवक जोरात होती, दसरा-दिवाळीचे दिवस. मोंढ्यातल्या एका आडत दुकानात संध्याकाळी सातला मुनीमजी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाची बिलं, करत होते. दहा मिनिटं काट्यावर गेले, परत आले तर स्क्रीनवर "अपडेट्सवर काम सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका." बाहेर शेतकरी पट्टीसाठी उभे. मधेच लाइट गेली, आणि त्या कॉम्प्युटरला इन्व्हर्टर नव्हता. लाइट आल्यावर मशीन चालूच होईना. दोन दिवस मी त्यावर बसलो होतो. मुनीमजी मला म्हणाले, "मी रोज 'नंतर' दाबलं होतं. मग हे केलं कुणी?"

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर एका सेटिंगमध्ये होतं. "ॲक्टिव्ह अवर्स" म्हणून कामाचे तास ठरवता येतात, त्या वेळात कॉम्प्युटर आपण होऊन रीस्टार्ट होत नाही. त्यांच्या मशीनवर ते सकाळी आठ ते संध्याकाळी पाच होते. एखाद्या ऑफिसला ठीक, पण हंगामात मोंढा पाचला थांबत नाही. हे तास जास्तीत जास्त १८ ठेवता येतात. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ॲक्टिव्ह अवर्स. सकाळी सहा ते रात्री बारा लावून टाका.

दुसरं, "पॉज अपडेट्स". पाच आठवड्यांपर्यंत सगळं थांबवता येतं आणि तेवढा काळ भुणभुणही नाही. मुदत संपली की मात्र साचलेली अपडेट घ्यावी लागतात, मगच पुन्हा पॉज मिळतो. मासिक सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत निघतं, तेव्हा आपल्याकडे रात्र असते, म्हणून ते आपल्याला बुधवारी दिसतं. मुनीमजी आता पॉज संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात आणि मोंढा बंद असेल त्या दिवशी, बॅकअप घेऊन, इन्व्हर्टर चार्ज आहे हे पाहून, स्वतः अपडेट चालवतात.

तिसरं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर चालवणाऱ्यांसाठी. दिवसाला दीड जीबीचा पॅक असतो आणि दुपारीच संपतो. विंडोज ११ ची पूर्ण फाइलच पाच जीबीच्या पुढे जाते. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, आपल्या हॉटस्पॉटचे गुणधर्म, आणि तिथे "मीटर्ड कनेक्शन" चालू करा. विंडोजला कळतं की हे मोजून-मापून मिळणारं इंटरनेट आहे, आणि बहुतेक अपडेट ते आपोआप ओढत नाही. अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये "मीटर्ड कनेक्शनवरही डाउनलोड करा" असं बटण असतं, ते बंदच असू द्या. हे प्रत्येक नेटवर्कला वेगळं लावावं लागतं. मुलाच्या फोनचा हॉटस्पॉट जोडला तर तिथेही लावा.

"तुमचं डिव्हाइस सेट करणं पूर्ण करूया" असा निळसर पूर्ण पडदा अधूनमधून येतो, त्यालाही लोक अपडेट समजतात. तो अपडेट नव्हे. सिस्टीम, नोटिफिकेशन्स, सगळ्यात खाली "ॲडिशनल सेटिंग्ज", आणि तिथल्या सूचना सुचवणाऱ्या खुणा काढा. परत येत नाही.

विंडोज १० वाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ज्यांना ११ वर जायचं नाही त्यांनी अपडेटच्या पानावर "स्टे ऑन विंडोज १० फॉर नाऊ" दिसल्यास ते निवडावं आणि ती नोंदणी नक्की करावी. ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनवर जबरदस्तीने ११ बसवून देणारे आहेत. त्यावर बँकेचं किंवा जीएसटीचं काम करणार असाल तर मी नको म्हणेन.

## सातवी तपासणी: छोटे अपडेटर आणि प्रिंटर

कॉम्प्युटर सुरू होताच दोन-तीन खिडक्या एकदम येत असतील तर त्या विंडोजच्या नसतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये "स्टार्टअप ॲप्स" पाहा. "अपडेटर" किंवा "असिस्टंट" अशी नावं दिसतील ती डिसेबल करा. डिसेबल म्हणजे पुसणं नव्हे, हवं तेव्हा परत चालू करता येतं. व्हीएलसी, लिब्रेऑफिस अशा प्रोग्रॅममध्ये आठवण बंद करायची खूण त्यांच्याच सेटिंगमध्ये असते.

फोटोकॉपीवाले आणि सेवा केंद्रवाले यांनी प्रिंटरच्या फर्मवेअर (यंत्राच्या आतल्या प्रोग्रॅमच्या) अपडेटकडे नीट पाहावं. रिफिल केलेलं किंवा दुसऱ्या कंपनीचं कार्ट्रिज वापरत असाल तर काही प्रिंटर अपडेटनंतर ते ओळखायला नकार देतात. प्रिंटरच्याच मेनूमध्ये आपोआप अपडेट बंद करायचा पर्याय असतो. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेआधीच्या गर्दीत प्रिंटर अडला तर काय होतं ते केंद्रवाल्यांना मी सांगायला नको. याउलट बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस (ते यंत्र आधारशी जोडणारा प्रोग्रॅम) अपडेट मागत असेल तर ती द्या. ती जुनी राहिली तर आधारची पडताळणीच अडते.

## आठवी तपासणी: ग्रुप पॉलिसी

ग्रुप पॉलिसी एडिटर म्हणजे विंडोजने कसं वागायचं याचे नियम लिहून ठेवायची जागा. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तरच. होममध्ये हा एडिटरच नसतो. प्रोच्या एडिटरमध्ये "कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स" मध्ये दुसरा पर्याय निवडला की कॉम्प्युटर डाउनलोड करण्याआधी विचारतो. "टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन" मध्ये विंडोजचं नाव आणि आवृत्ती लिहिली, जसं विंडोज १० आणि २२एच२, तर पुढच्या मोठ्या अपग्रेडची भुणभुण थांबते आणि सुरक्षेची अपडेट चालू राहतात. तुमचं "नको" एकदाच लिहून ठेवलं जातं आणि मशीन ते पाळतं. मला या सगळ्यांत हीच सोय मनापासून आवडते, आणि ती घरगुती आवृत्तीत मिळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

सॉफ्टवेअर लिहिणारी मुलं आता लातूरला, नांदेडला, संभाजीनगरलाही आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. मॅकवरच्या अनेक ॲपमध्ये वापरली जाणारी स्पार्कल नावाची अपडेटची चौकट वर्षानुवर्षं तीन बटणं देते: बसवा, नंतर आठवण करा, आणि ही आवृत्ती सोडून द्या. तिसरं बटण दाबलं की त्या आवृत्तीसाठी पुन्हा विचारणं नाही. ते बटण तुमच्याही प्रोग्रॅममध्ये घाला. सुरक्षेचं आणि सजावटीचं अपडेट एकाच पुडक्यात बांधू नका. आणि फुलीवर दाबून खिडकी बंद करणाऱ्याचा होकार धरू नका. मे २०१६ मध्ये विंडोज १० च्या मोफत अपग्रेडची खिडकी फुलीने बंद केली तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नव्हतं. जगभर ओरड झाल्यावर जूनअखेरीस त्यात स्पष्ट नकाराचं बटण आलं.

## इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

"विंडोज अपडेट कायमचं बंद करा" असे व्हिडिओ पाहून सर्व्हिस बंद करणं किंवा स्क्रिप्ट चालवणं नको. ती सर्व्हिस दुरुस्त करणारी आणखी एक सर्व्हिस विंडोजमध्येच असते, त्यामुळे ती परत चालू होते. आणि अशा स्क्रिप्टसोबत काय काय आत येतं ते आपल्याला दिसत नाही.

होम आवृत्तीत रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंगची नोंदवही) बदलायची असेल तर जाणकाराकडूनच. एक ओळ चुकली तर मशीन उठत नाही.

बायॉस (कॉम्प्युटर सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) किंवा फर्मवेअरचं अपडेट मागत असेल आणि डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा आकडा) हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती नसेल आणि मशीनने मागितली, तर डेटा कुणीच परत देऊ शकत नाही, मीही नाही.

अपडेट मधेच अडकून स्क्रीन तासाभरापेक्षा जास्त तशीच असेल, किंवा लाइट गेल्यावर मशीन पुन्हा पुन्हा सुरू होऊन बंद पडत असेल, तर बटण दाबत बसू नका. प्रत्येक वेळी जबरदस्तीने बंद केल्याने फाइल आणखी बिघडू शकतात.

बँकेचं, पतसंस्थेचं, शाळेचं किंवा सरकारी कार्यालयाचं मशीन असेल तर यातलं काहीच करू नका. तिथलं "नको" म्हणणं त्या संस्थेच्या तांत्रिक माणसाचं काम आहे.

जाणकाराकडे जाताना पाच गोष्टी न्या: त्या संदेशाचा पूर्ण फोटो, तो साधारण किती वाजता येतो, एररचा आकडा असेल तर तो, स्टार्टमध्ये "विनव्हर" (winver) टाइप केल्यावर दिसणारी विंडोजची आवृत्ती, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर. चार्जर विसरून येणारे फार आहेत, आणि बॅटरीवर अपडेटची दुरुस्ती मी सुरू करत नाही.